जितेपणीवाली प्रणाली

ढाणकीत कोणी प्रणालीचं नाव काढलं की मी हातातलं काम उगाच जोरजोरात करू लागतो. फ्लेक्स गुंडाळत असलो तर तो चुरगळेपर्यंत गुंडाळतो, पासपोर्ट फोटो कापत असलो तर एखाद्याचा कान जातो. माझी बायको वैशाली आतून म्हणते, "झालं यांचं सुरू." तिला कारण माहीत आहे आणि ते लपवण्यासारखंही नाही. मला त्या पोरीचा हेवा वाटतो. ती गाव सोडून वणीला गेली, तरी वाटतोच.

बस स्टँडसमोर माझं दुकान आहे. फोटो, फ्लेक्स, लग्नपत्रिका. पण गावात माझी खरी ओळख वेगळी होती. आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाचा वाढदिवस असो की कोणी वारलेलं असो, पोस्ट मी बनवायचो. झेंडूची माळ, बाजूला समई, खाली दोन ओळी. मनमिळाऊ, सुस्वभावी, परोपकारी, अजातशत्रू. शब्द माझ्याकडे तयार असत. फोटोही तयार असत. लग्नात एखाद्या वयस्कर माणसाचा चांगला फोटो निघाला की मी तो मागचं सगळं पुसून बाजूला काढून ठेवायचो, ऐनवेळी घरच्यांची धावपळ नको म्हणून. लोक म्हणत, मरावं तर विलासच्या पोस्टमध्ये. मी ते कौतुक म्हणूनच घ्यायचो.

एका दुपारी फोन आला, दत्तूजी वारले, पोस्ट टाका. दत्तूजी म्हणजे आमचे रिटायर कंडक्टर, असं मी धरून चाललो. वारले होते ते पलीकडच्या खेड्यातले दत्तूजी. फोटो तयार, शब्द तयार. चहा गार व्हायच्या आत पोस्ट ग्रुपवर गेली. आमचे दत्तूजी तेव्हा घराच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. खिशातला मोबाइल वाजला म्हणून चष्मा लावून पाहिलं, तर समईशेजारी स्वतःच बसलेले.

दत्तूजी म्हणजे गावातला नंबर एकचा तुसडा माणूस. नोकरीत होते तोवर प्रवाशांशी भांडले, रिटायर झाल्यावर शेजाऱ्यांशी. पण त्या दिवशी ग्रुपवर लोकांनी काय काय लिहिलं. महागावला मास्तरीण झालेल्या एका बाईनं लिहिलं, की बारावीच्या पेपरच्या दिवशी ती शेतातून धावत येत होती, दत्तूजींनी तिला लांबून पाहिलं आणि गाडी थांबवून धरली. प्रवासी त्यांना शिव्या देत होते, ते तिला शिव्या देत होते, पण ती चढेपर्यंत त्यांनी घंटी मारली नाही. असे एकामागून एक किस्से. खरी गोष्ट कळल्यावर मी घाईघाईनं पोस्ट काढली, माफी टाकली आणि रात्रभर कुशी बदलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूजी दुकानात आले. हातात काठी होती. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "विलास, तू ते डिलीट केलं का?"

"केलं ना जी. चुकलो मी."

"कायले केलं गड्या? माहं अर्धं वाचायचं राह्यलं होतं."

डोळे पुसून दत्तूजी म्हणाले, "एवढे लोक होते तं मले कोनी सांगतलं काहून नाही?"

त्याच वेळी माझ्या स्टुलावर प्रणाली बसली होती. नर्सिंगचं शिकून गावातल्याच एका दवाखान्यात नुकती कामाला लागली होती आणि कुठल्यातरी कागदाला फोटो लावायचा म्हणून आली होती. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली, वडील ट्रॅक्टर चालवतात. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावर लगेच न बोलता थोडी थांबायची सवय. माझं दोनदा तिला सांगून झालं होतं, "मान वर कर." ती दत्तूजींकडे बघत राहिली होती. ते गेल्यावर म्हणाली, "काका, मंग हे लोक जितेपणी काहून नाही सांगत?"

मी म्हणालो, "घाई कोनाले आहे?"

ती हसली, फोटो घेतले आणि गेली. पुढच्या रविवारी इन्स्टाग्रामवर तिचं पेज सुरू झालं. नाव, जितेपणी. आता कोणीही शांत डोक्यानं सांगावं, चूक कोणाची होती? माझी. दुकान कोणाचं होतं? माझं. आणि नाव झालं कोणाचं?

तिची पद्धत अशी होती. एखाद्यानं आपल्यासाठी कधी काही केलं असेल आणि ते त्याला सांगायचं राहून गेलं असेल, तर तुम्ही प्रणालीकडे जायचं आणि तिला तो किस्सा सांगायचा. तुमचं नाव ती कोणाला कळू देत नसे. मग ती त्या माणसाकडे जायची, मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून ठेवायची आणि तो किस्सा त्याचा त्यालाच सांगायची. रीलमध्ये फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा दिसायचा. प्रणालीचा नुसता आवाज. गाणं नाही, सोनेरी अक्षरं नाहीत, फुलं नाहीत. मी एकदा सुचवलं होतं की मागे जरा बासरी टाक. ती म्हणाली, "गाणं टाकलं का लोक गाणं ऐकते, काका." त्या काका शब्दाचाही मला राग यायचा. माझे केस तेव्हा बरेच काळे होते.

सुरू करण्याआधी ती ओढणीच्या टोकानं मोबाइलची काच पुसायची आणि समोरच्याला म्हणायची, "मान वर करा." हे तिचं वाक्य पुढं इतकं गाजलं की पोरं एकमेकांना चिडवताना म्हणू लागली. ते वाक्य माझं आहे. मी आयुष्यभर त्या स्टुलाशी उभा राहून तेच म्हणत आलो, आणि आजवर कोणी माझी नक्कल केली नाही.

तिच्याकडे जाऊन कोणी म्हणालं की अमका फार मनमिळाऊ आहे, तर ती हात जोडायची. "स्वभाव नका सांगू. किस्सा सांगा." यात टोमणा मला नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला वाटायचं की ही पोरगी माझ्या सगळ्या दुकानदारीवर पाणी ओतते आहे. गंमत म्हणजे लोकांना किस्सा आठवायचा. सुरुवातीला डोकं खाजवत, मग डोळे बारीक करून, मग एकदम. ती ज्याच्या त्याच्याशी तसंच बोलणं सुरू करायची. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात इंजेक्शन देताना, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सुद्धा. "मावशी, तुमच्यासाठी कोनी काही केलेलं आठवते का? सांगा ना." आणि माणसं, जी मला फोटो काढताना नीट हसूनही दाखवत नसत, ती हिच्यासमोर घडाघडा बोलायची.

बाजारात मिरची विकणाऱ्या सोनाबाईची रील सगळ्यात जास्त चालली. सोनाबाई तांड्यावरची. कोणीतरी येऊन सांगितलं होतं, की आई गेल्यावर मी बाजारात रडत उभा होतो, सोनाबाईनं मला पोत्यावर बसवलं आणि दिवसभर गिऱ्हाइकांना 'हा माझा पोरगा' म्हणून सांगितलं. प्रणालीनं हे सांगितलं तेव्हा सोनाबाई मिरच्यांचे देठ तोडत होती. तोडतच राहिली. शेवटी म्हणाली, "मंग काय झालं? त्या दिवशी तो माहाच होता." एवढंच. पुणे, मुंबई, कुठून कुठून लोकांनी ते पाहिलं. तालुक्याच्या कॉलेजातली पोरं आपापल्या गावात असंच करू लागली. वैशालीनं ते माझ्या समोर बसून तीन वेळा पाहिलं आणि प्रत्येक वेळी डोळ्याला पदर लावला. तिच्यासाठी मी एवढ्या वर्षांत केलेल्या एकाही डिझाइनला तिनं डोळ्याला पदर लावलेला नाही.

तर मला काय हवं होतं, ते स्पष्टच सांगतो. मला वाटत होतं की कोणीतरी माझ्यासाठी जावं. कोणीही. एवढ्या मोठ्या गावात एखाद्या माणसाला वाटावं की विलासनं आपल्यासाठी एकदा अमुक केलं होतं, आणि त्यानं ते प्रणालीला जाऊन सांगावं. मग एक दिवस ती दुकानात यावी, मोबाइल माझ्याच शाईच्या डब्याला टेकवावा आणि मला म्हणावं, मान वर करा. दर रविवारी नवी रील यायची. दर रविवारी सकाळी मी दाढी करून बसायचो.

स्वतःसाठी स्वतः जायचं नाही, हा तिचा नियम होता. तो तिनं कोणासाठी मोडला नाही. आमचे एक स्थानिक नेते आहेत, वर्षभर चौकात त्यांचे फ्लेक्स असतात आणि ते मीच छापतो. निवडणुकीच्या तोंडावर ते कार्यकर्ते घेऊन दवाखान्यातच गेले. मीही गेलो, मजा बघायला. प्रणाली सलाईन लावत होती.

"आमचं बी एक बनवून टाक," ते म्हणाले.

"तुमच्यासाठी अजून कोनी आलं नाही ना जी."

"हे एवढे आले ते कोन आहेत?"

"चालते की. एकेकानं किस्सा सांगा."

कार्यकर्ते एकमेकांकडे पाहू लागले. एकानं रक्तदान शिबिर सांगितलं, एकानं वाढदिवसाचं जेवण. प्रणाली नाही म्हणून मान हलवत राहिली. मला वाटलं, साहेब आता भडकतात, आज हिची चांगली जिरते. तेवढ्यात दाराशी उभा असलेला त्यांचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, की आम्ही एका शाळेत असताना माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तेव्हा साहेबांनी मला पाठुंगळी घेऊन घरापर्यंत नेलं होतं, आणि रस्त्यात माझं दप्तर दातांत धरलं होतं. साहेबांचा चेहरा असा काही झाला की मी त्यांना इतकी वर्षं फ्लेक्सवर पाहतो, तो माणूस हा नव्हताच. प्रणालीनं तेव्हा काही रेकॉर्ड केलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्या घरी एकटी गेली, ड्रायव्हरनं न सांगितलेलं थोडं आणखी त्याच्याकडून विचारून घेऊन. त्या रीलमधल्या साहेबांच्या चेहऱ्याचा मोठा फ्लेक्स छापायची ऑर्डर माझ्याकडेच आली. मी तो छापला, सुतळीनं बांधला आणि चौकात स्वतः शिडीवर चढून लावला.

पण माझा खरा जळफळाट झाला तो पानठेल्यावरच्या मनोजमुळे. हा मनोज खोट्या नावानं प्रणालीच्या प्रत्येक रीलखाली घाण लिहायचा. तिच्या जातीवरून लिहायचा, दवाखान्यावरून लिहायचा. गावाला माहीत होतं कोण ते. तिच्या भावानं हात उगारायची तयारी केली होती. प्रणालीनं त्याला अडवलं, कमेंट तेवढ्या काढून टाकत राहिली आणि एक दिवस सरळ पानठेल्यावर जाऊन म्हणाली, "तू लिहितं ते वाचून माहा बाप जेवत नाही. एवढं फक्त सांगायले आली." आणि निघून आली. मनोजनं त्यानंतर लिहिणं बंद केलं. पुढं काही महिन्यांनी मनोजसाठी कोणीतरी आलं. त्यानं कोण्या आजारी म्हाताऱ्याला रोज संध्याकाळी ओट्यावर आणून बसवायचं काम कोणाला न सांगता चालवलं होतं म्हणे. आणि प्रणालीनं त्याची रील केली. तिचा आवाज नेहमीसारखाच, खणखणीत. मनोजची मान मात्र तिनं सांगूनही वर आली नाही.

त्या रविवारी मी मोबाइल उशीखाली टाकला. मनोजसाठी माणूस येतो, माझ्यासाठी येत नाही. मी वैशालीला म्हणालो, "तू काहून नाही जात माह्यासाठी? बायको आहेस ना माही."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "किस्सा कोनता सांगू?"

मी वाट पाहिली. ती खरोखर विचार करत होती, हेच जास्त लागलं. दुसरी भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "आठवू द्या मले." त्याला आता बरेच दिवस झाले.

मग मी स्वतःचं पेज काढलं. ढाणकीची शान. सोनेरी अक्षरं, मागे बासरी, मनमिळाऊ, सुस्वभावी सगळं. माझा साळा त्याला रोज लाइक द्यायचा. पुढं त्यानंही कंटाळून सोडलं. मला तेव्हा ठाम वाटायचं की प्रणालीचं हे सगळं कॅमेऱ्यापुरतं आहे. दुकानात बसल्या बसल्या मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. कधीतरी ही खोटी पडेल, कोणाशी तुसड्यासारखी वागेल, एखादं रडणं पुन्हा करायला लावेल, आणि ते मी बघेन. गावात तिचं इतकं बारीक निरीक्षण तिच्या आईनंही केलं नसेल.

गेल्या उन्हाळ्यात तिला वणीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. पेज तिनं कॉलेजातल्या दोन पोरींच्या हवाली केलं. निघायच्या सकाळी ती स्टँडवर आली तेव्हा घरचे सोडायला होते. उमरखेडला गाडी बदलून तिला वणीला जायचं होतं. उमरखेडची गाडी लागली, ती खिडकीशी बसली, आणि वडील पाण्याची बाटली आणायला वळले. मी दुकानातून उठून कधी रस्ता ओलांडला ते मला कळलं नाही. खिडकीखाली उभा राहिलो. नीट जा, वणीला धूळ लय असते, असं काही बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच.

"प्रणाली, एक विचारू? माही रील काहून नाही केली तू?"

ती नेहमीसारखी थोडी थांबली. "कोनी आलं नाही, काका. म्या वाट पाह्यली."

दुसऱ्या कोणी गोड काहीतरी बनवून सांगितलं असतं. तिनं नाही सांगितलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. आला तो वेगळाच प्रश्न.

"अन् तुह्यासाठी?"

"माह्यासाठी कोन येईन? पेज माहंच होतं. मले कोनी काय म्हनून सांगायले येईन?"

गाडीचा ड्रायव्हर चहा पिऊन परत येत होता. मी खिडकीची दांडी धरली.

"मी आलो," मी म्हणालो. "ऐक. मागल्या थंडीत तू बाजाराच्या दिवशी त्या घोंगडीवाल्या बुवाकडे गेलतीस. माह्या दुकानासमोर बसला होता तो. तू मोबाइल टेकवला अन् सुरू करतच होती तं तो बंद पडला. मी पाहून राह्यलो होतो. मले वाटलं, आता ही उठते, घरी जाते, चार्ज करून येते. मी वाटच पाहत होतो त्याची. तू मोबाइल पिशवीत टाकला अन् त्याले सारा किस्सा तसाच सांगतला. तो रडला, तू त्याचं घोंगड्यांचं पोतं धरून बसली. बाजार उठेपर्यंत. कोनी पाहत नव्हतं. मीच तेवढा पाहत होतो, अन् मी तं तुले खोटी पाडायले बसलो होतो."

प्रणालीची मान खाली गेली होती. ती खिडकीच्या रबराचा निघालेला तुकडा नखानं सोलत होती. एवढ्या लोकांचे चेहरे जिनं धीटपणे बघितले, तिला आपला चेहरा कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

"अन् दुसरं," मी म्हणालो, कारण आता थांबता येत नव्हतं, "मले तुहा लय हेवा वाटते. अजूनही वाटते."

"माहीत आहे काका," ती खालीच बघत म्हणाली. "साऱ्या गावाले माहीत आहे."

"मान वर कर."

तिनं मान वर केली. डोळे भरलेले होते आणि हसत होती. माझ्या हाताला सवयीनं बोटाखाली बटन हवं होतं, पण मी मोबाइल दुकानातच ठेवून आलो होतो. वडील बाटली घेऊन आले, तिनं ती घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून वाकून मोठ्यानं म्हणाली, "काका, आता पेज माहं नाही. आता मलेही कोनासाठी किस्सा घेऊन येता येते."

मी गाडीबरोबर चार पावलं चाललो आणि थांबलो. स्टँडच्या वळणावर गाडी वळताना ती मला पुन्हा एकदा दिसली. डोळे पुसून झाले होते आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून तिनं बोलणं सुरू केलं होतं. काय विचारत असेल ते मला पाठ होतं. त्या बाईला आता उमरखेडपर्यंत ही पोरगी मिळणार होती, आणि मला तिचाही हेवा वाटला.